यादी गेली, आता शोधपत्रिका पारखायच्या कशा?

विद्यानगरकर (धागाकर्ता)

कोल्हापूर परिसरातील महाविद्यालयांत संशोधन समितीवर काम करणाऱ्या आणि पदोन्नतीसाठी किंवा पीएच.डी.च्या ओघात शोधनिबंध प्रसिद्ध करू पाहणाऱ्या सर्वांचे मत हवे आहे, म्हणून हा धागा. विद्यापीठ अनुदान आयोगाने फेब्रुवारी २०२५ मध्ये केअर यादी, म्हणजे मान्य शोधपत्रिकांची आपली यादी, बंद करत असल्याचे जाहीर केले आणि तिच्या जागी शोधपत्रिका निवडण्यासाठी सूचक निकष पुढे ठेवले. ‘यादीत आहे का?’ एवढे विचारून मोकळे होण्याची सोय त्यामुळे संपली. आता निर्णय संस्थेने घ्यायचा, म्हणजे प्रत्यक्षात प्राचार्यांनी नेमलेल्या चार-पाच जणांच्या समितीने घ्यायचा, आणि त्या समितीत अर्जदाराच्या विषयातले कोणी असतेच असे नाही.

यादी होती तेव्हा सारे आलबेल होते, असेही नाही. २०१७ च्या पहिल्या मान्यताप्राप्त यादीत विद्यापीठांनी सुचवलेली नियतकालिके मोठ्या संख्येने शिरली होती. पुण्याचे भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये विद्यापीठांच्या शिफारशीतल्या १,००९ शोधपत्रिकांची छाननी प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांपैकी सुमारे ८८ टक्के निकषांना उतरल्या नाहीत, कोठे मूलभूत माहितीच नव्हती, कोठे दिलेली माहिती खोटी होती. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४,३०५ नावे वगळली, आणि २०१९ मध्ये केअरची नवी यादी आली. ती गरजेची होती हे मान्य; पण तिने आमची वाचण्याची सवय मोडली. अर्जातला निबंध न उघडता शोधपत्रिकेचे नाव यादीशी जुळवले की समितीचे काम संपत असे.

माझा प्रस्ताव असा आहे. अर्जदाराने छापील निबंधासोबत परीक्षकांचे, म्हणजे छापण्याआधी निबंध तपासणाऱ्या तज्ज्ञांचे अहवाल, संपादकांशी झालेला पत्रव्यवहार आणि सुरुवातीला पाठवलेला मसुदा ही तिन्ही जोडावीत. ज्या लेखावर परीक्षकाने एकही शंका काढलेली नाही, पाठवल्यापासून आठवड्याच्या आत जो स्वीकारला गेला आणि मसुद्यापासून छापील पाठापर्यंत ज्यातले एक वाक्यही हललेले नाही, त्याचे परीक्षण झाले असे समितीने का मानावे? पत्रिकेच्या नावापेक्षा त्या विशिष्ट निबंधाचे परीक्षण पाहावे, एवढेच माझे म्हणणे आहे. यातल्या अडचणी मोकळेपणाने सांगाव्यात.

ग्रंथपाल_राजारामपुरी

प्रस्ताव चांगला आहे, परंतु त्याआधी एक प्राथमिक चाळणी ग्रंथालयातच लागू शकते आणि तिला विषयज्ञानाची गरज नाही. आयएसएसएन क्रमांक असणे म्हणजे मान्यता असणे, हा आपल्याकडचा सर्वांत चिवट गैरसमज आहे. तो क्रमांक केवळ नियतकालिकाची ओळख पटवतो. दर्जाशी त्याचा काडीमात्र संबंध नाही. डीओआय या लेखाच्या डिजिटल ओळखक्रमांकाचेही तेच. इम्पॅक्ट फॅक्टर म्हणून ज्याला जग ओळखते तो, पत्रिकेतील लेखांच्या उद्धरणांवरून काढलेला आकडा क्लॅरिव्हेट ही कंपनी दरवर्षी आपल्या अहवालात देते. त्याच्याशी मिळतीजुळती नावे घेऊन पैसे भरताच आकडा देणारी दुकाने पुष्कळ आहेत, आणि तेथला ६ किंवा ७ हा आकडा पाहून भारावून जाणारे अर्जदारही पुष्कळ आहेत.

कोप, म्हणजे प्रकाशन-नीतीविषयी काम करणारी समिती, १९९७ मध्ये ब्रिटनमधील वैद्यकीय संपादकांच्या एका छोट्या गटातून उभी राहिली. तिचे बोधचिन्ह संकेतस्थळावर चिकटवायला कोणालाही अडवता येत नाही. म्हणून सदस्यत्व पत्रिकेच्या पानावर न पाहता कोपच्या स्वतःच्या सदस्यसूचीत शोधावे. मुक्त, म्हणजे वाचकाला विनामूल्य असलेली शोधपत्रिका असेल तर डीओएजे या निर्देशिकेत पाहावे. संपादक मंडळातील एक-दोघांना त्यांच्या संस्थेच्या अधिकृत पत्त्यावर ई-मेल पाठवून ‘आपण या मंडळावर आहात का?’ असे विचारावे. उत्तर बहुधा येते आणि कधीकधी ते फार उद्बोधक असते. शिवाय नामांकित जुन्या पत्रिकेचे नाव आणि क्रमांक चोरून दुसऱ्याच पत्त्यावर संकेतस्थळ चालवण्याचा प्रकारही आता नवा राहिलेला नाही, त्यामुळे दुवा अर्जदाराकडून घेऊ नये, आपणच शोधावा.

मात्र ही चाळणी केवळ खडे वेचते. सगळे निकष पाळणाऱ्या पत्रिकेतही परीक्षण झालेच असेल याची हमी तिने मिळत नाही. जॉन बोहॅनन यांनी २०१३ मध्ये ‘सायन्स’साठी केलेला प्रयोग आठवा. दगडफुलासारख्या शैवाकापासून मिळालेल्या कर्करोगविरोधी द्रव्याविषयीचा, ढोबळ चुका मुद्दाम पेरलेला एक बनावट निबंध त्यांनी ३०४ मुक्त शोधपत्रिकांकडे पाठवला. १५७ जणींनी तो स्वीकारला, ९८ जणींनी नाकारला. स्वीकारणाऱ्यांत मोठ्या, प्रतिष्ठित प्रकाशकांच्या पत्रिकाही होत्या.

तासिकावाला

सर, तुमचा प्रस्ताव ज्यांना पूर्णवेळ नोकरी आहे त्यांच्यासाठी ठीक आहे. आम्ही सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर काम करणारे लोक मुलाखतीच्या यादीत यावे म्हणून निबंध छापतो. आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत विज्ञान शाखांत एका निबंधाला ८ आणि भाषा, मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रांत १० गुण ठेवले आहेत; गुण आहेत तोवर गुण विकणारेही राहणार. आमच्या व्हॉट्सॲप गटांवर ‘तीन दिवसांत प्रकाशन, सोबत ई-प्रमाणपत्र’ अशा जाहिराती जाहिरातीसारख्या येतही नाहीत, शुभेच्छा संदेशांच्या मधूनच येतात. परदेशी मुक्त शोधपत्रिकेचे शुल्क दोन लाखांच्या घरात जाते आणि येथे दोन हजारांत काम होते. माणूस कोठे जाईल?

नोव्हेंबर २०२२ च्या पीएच.डी. नियमावलीने प्रबंधाआधी निबंध छापण्याची सक्ती काढली, हे फार बरे झाले. पण गाईड अजूनही विचारतात, आणि मुलाखतीत तर विचारतातच.

पातळ_थर

मी पदार्थविज्ञानातला आहे; आपल्या विद्यापीठात पातळ थरांवरचे काम जुने आहे, आणि त्या निमित्ताने परीक्षणासाठी निबंध येत असतात. परीक्षक प्रत्यक्षात काय करतो, याविषयी समित्यांमध्ये बरीच अस्पष्टता दिसते, म्हणून सविस्तर लिहितो.

परीक्षक प्रयोग पुन्हा करून पाहत नाही. तो लेखकाने दिलेल्या पुराव्यावरून निष्कर्ष निघतो का, हे तपासतो. सुपरकपॅसिटरचा, म्हणजे वीज झटपट साठवणाऱ्या उपकरणाचा निबंध आला की मी प्रथम विद्युतअग्रावरील द्रव्याचे वस्तुमान पाहतो. ते मिलिग्रॅमच्या दशांशाइतके असेल तर प्रतिग्रॅम धारिता कितीही देखणी दिसली तरी वजनातली किरकोळ चूक त्या आकड्याला कोठल्या कोठे नेते, म्हणून क्षेत्रफळानुसार आकडा आणि वजनाची पद्धत मागतो. क्ष-किरण विवर्तनाचे दोन वेगवेगळ्या नमुन्यांचे आलेख असतील तर शिखरांखालची बारीक खरखर ताडून पाहतो, कारण शिखरे सारखी येऊ शकतात, खरखर कधीही सारखी येत नाही; ती तंतोतंत जुळली तर एकच मोजमाप दोनदा वापरले आहे. याला दोन ते तीन संध्याकाळी लागतात, मानधन काहीही नसते, आणि नाव कोणाला कळत नाही.

आता धागाकर्त्यांच्या प्रस्तावाकडे येतो. अहवाल मागावा, पण अहवाल बनावट असू शकतो हे गृहीत धरून मागावा. २०१४ मध्ये सेज प्रकाशनाने आपल्या कंपनशास्त्राच्या एका शोधपत्रिकेतून ६० निबंध मागे घेतले, कारण लेखकाने सुचवलेले परीक्षक म्हणजे खोट्या ई-मेल खात्यांची साखळी होती. त्या प्रकरणात नाव गुंतल्याने तैवानच्या शिक्षणमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. २०२३ मध्ये हिंदावी या प्रकाशनाने ८,००० हून अधिक निबंध मागे घेतले. त्यांतले बहुसंख्य विशेषांकांतले होते, जेथे पाहुणे संपादक आणि परीक्षक यांचे संगनमत होते. या सगळ्या निबंधांना कागदोपत्री अहवाल होतेच.

म्हणून मी एक साधी कसोटी सुचवतो. निबंधाचे शीर्षक झाकून केवळ अहवाल वाचा. ‘विषय महत्त्वाचा आहे, भाषा सुधारावी, अलीकडचे संदर्भ वाढवावेत’ एवढेच त्यात असेल आणि तो अहवाल कोणत्याही निबंधाला लावता येत असेल, तर त्याला अहवाल म्हणू नये. खऱ्या अहवालात आकृतीचा क्रमांक असतो, समीकरणावर आक्षेप असतो, ‘तुमचा हा दावा त्या कोष्टकातून निघत नाही’ असे वाक्य असते. आणखी एक खूण: परीक्षकाने सुचवलेले चारही संदर्भ एकाच लेखकाचे असतील तर तो लेखक म्हणजे परीक्षकच असण्याची शक्यता मोठी, आणि ही उद्धरणांची खंडणी आहे. आपल्याकडे तिला अजून पुरेशा कडकपणे कोणी अनैतिक म्हणत नाही, याचे मला आश्चर्य वाटते.

मंगळवारपेठ

मोठ्या विद्वानांचा लेखही अनोळखी माणसाने तपासावा, हे पटत नाही. ज्येष्ठतेला काही अर्थ आहे की नाही?

पातळ_थर

आइन्स्टाइन आणि रोझेन यांनी १९३६ मध्ये गुरुत्वीय लहरी अस्तित्वातच नाहीत असा निष्कर्ष असलेला निबंध ‘फिजिकल रिव्ह्यू’कडे पाठवला होता. संपादकांनी तो परीक्षकाकडे धाडला, म्हणून आइन्स्टाइन संतापले आणि त्यांनी निबंध परत घेतला. परीक्षक होते हॉवर्ड रॉबर्टसन, आणि त्यांनी दाखवलेली चूक खरी होती. तो निबंध पुढे दुसऱ्या पत्रिकेत आला तेव्हा त्यातला निष्कर्ष बदललेला होता. ज्येष्ठतेविषयी माझ्यापाशी याहून अधिक काही नाही.

शाहूपुरी_डॉक्टर

वैद्यकशास्त्रातून दोन मुद्दे.

पहिला लेखकत्वाचा. वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे, म्हणजे आयसीएमजेईचे चार निकष आहेत आणि चारही एकाच वेळी पूर्ण व्हावे लागतात: संकल्पना, सामग्री (डेटा) किंवा विश्लेषण यांत भरीव सहभाग, मसुदा लिहिण्यात किंवा त्याच्या चिकित्सक दुरुस्तीत सहभाग, अंतिम पाठाला संमती, आणि संपूर्ण कामाची जबाबदारी. विभागप्रमुख आहेत म्हणून, उपकरण वापरू दिले म्हणून किंवा पुढच्या वेळी ते आपले नाव घालतील म्हणून नाव घालणे यात बसत नाही. तासिकावाला यांनी सांगितलेल्या गुणांच्या तक्त्यातच याची मेख आहे: दोन लेखक असतील तर प्रत्येकाला ७० टक्के गुण मिळतात, म्हणजे दोघांचे मिळून १४०. नाव वाढवल्याने एकूण गुण वाढत असतील तर नावे वाढणारच. समितीने प्रत्येक सहलेखकाकडून ‘मी यात नेमके काय केले’ याचे दोन ओळींचे लेखी निवेदन घ्यावे. कित्येक जण ते लिहूच शकणार नाहीत.

दुसरा मुद्दा असा की परीक्षणाकडून अपेक्षा माफक ठेवाव्यात. वेकफिल्ड यांचा लस आणि स्वमग्नता यांविषयीचा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये १९९८ मध्ये आला आणि मागे घेतला गेला २०१० मध्ये. २०२० मध्ये कोविडच्या काळात सर्जिस्फीअर या कंपनीच्या सामग्रीवर आधारलेला निबंध त्याच ‘लॅन्सेट’ने छापला आणि काही दिवसांतच मागे घेतला, कारण मूळ सामग्री तपासायला कोणालाही मिळेना. परीक्षक विश्वासावर चालतो. लबाडी पकडण्यासाठी मूळ नोंदी लागतात. आमच्याकडे औषध-चाचणीची नोंद आधीच सीटीआरआय या भारतीय चाचणी-नोंदवहीत करावी लागते आणि नीती समितीची पूर्वमान्यता लागते. इतर शाखांतही निदान मूळ सामग्री पाच वर्षे जपण्याची अट महाविद्यालयाने घालावी.

जुना_बुधवार

मी एका मराठी त्रैमासिकाच्या संपादनात आहे, आणि धागाकर्त्यांच्या प्रस्तावाने सर्वांत मोठी पंचाईत आमच्या लेखकांची होणार आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

आमच्याकडे परीक्षण होते, पण त्याचे कागद राहत नाहीत. लेख येतो, दोन जाणकारांकडे जातो, ते समासात पेन्सिलीने शेरे मारतात, मग लेखकाला दूरध्वनी जातो आणि तासभर चर्चा होते. यात खोटे काहीच नाही. कधीकधी परदेशी अहवालांपेक्षा हे परीक्षण कितीतरी कसून झालेले असते. परंतु तुमच्या समितीपुढे ठेवायला लेखकाच्या हाती काहीही नसते.

परीक्षकाचे आणि लेखकाचे नाव एकमेकांपासून लपवण्याची पद्धत आमच्या क्षेत्रात निरुपयोगी आहे. करवीर संस्थानच्या अमुक दप्तरावर सध्या कोण काम करते, हे येथे दहा जणांना ठाऊक असते आणि लेख वाचायला लायक माणसेही त्याच दहांतली असतात. त्यांतले दोघे लेखकाचे गुरुबंधू, एकाचे त्याच्याशी वितुष्ट, एक स्वतः त्याच विषयावर पुस्तक लिहीत आहे. तेव्हा नाव झाकण्यापेक्षा हितसंबंध लेखी उघड करायला लावणे अधिक उपयोगाचे आहे, आणि परीक्षकाने अहवालावर सही करावी, असे माझे मत झाले आहे. ब्रिटिश मेडिकल जर्नलने १९९९ पासून परीक्षकांची नावे लेखकांना कळवायला सुरुवात केली. त्यामुळे ही कल्पना काही जगावेगळी नाही.

मोडी कागदांवर आधारलेल्या लेखांचे परीक्षण तर वेगळेच प्रकरण आहे. लेखक देवनागरी लिप्यंतर देतो आणि त्यावर निष्कर्ष उभारतो. मूळ कागदाचे छायाचित्र जोडलेले नसेल तर परीक्षकाने नेमके काय तपासायचे? मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, शब्द तोडलेले नसतात आणि घाईने लिहिलेल्या हातात काही अक्षरे एकमेकांसारखी दिसतात. एका अक्षराच्या फरकाने गावाचे नाव बदलते आणि इनाम दुसऱ्याच घराण्याकडे जाते. तारखांचे पाहा. ‘इसन्ने सबैन मया व अलफ’ म्हणजे सुहूर सन ११७२. हे वर्ष मृग नक्षत्राला सुरू होते, त्यामुळे जून ते डिसेंबरमधील कागदाला ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या कागदाला ६००. म्हणजे तो कागद इ. स. १७७१ चा की १७७२ चा, हे महिना वाचल्याशिवाय ठरत नाही. फसली सनाला हेच अंतर ५९० किंवा ५९१ येते. कोणता सन आहे हे न पाहता सरसकट एकच आकडा मिळवलेले लेख आमच्याकडे येतात, आणि त्यांतून नऊ-नऊ वर्षांनी सरकलेल्या वंशावळी तयार होतात. म्हणून छायाचित्र, लिप्यंतर, दप्तर व रुमाल (कागदांचे गाठोडे) क्रमांक आणि कालगणनेची आकडेमोड या चार गोष्टी सोबत नसतील तर लेख परीक्षणाला न पाठवण्याचा नियम आम्ही केला आहे. काही ज्येष्ठ रुसले, पण नियम टिकला आहे.

वाङ्मयचौर्याविषयीही सांगितले पाहिजे. आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतचे साम्य किरकोळ मानले जाते आणि पुढे ४० व ६० टक्क्यांवर शिक्षेच्या पायऱ्या चढत जातात; ६० टक्क्यांहून अधिक साम्य आढळल्यास प्रबंधाची नोंदणी रद्द होऊ शकते. पण सॉफ्टवेअर अक्षरांचे साम्य मोजते. इंग्रजी लेखाचा मराठी अनुवाद करून स्वतःच्या नावावर छापला तर साम्य शून्याच्या जवळपास येते आणि लेखक तो दाखला अभिमानाने जोडतो. उलट जुन्या पत्रांचे लांब उतारे प्रामाणिकपणे, अवतरणचिन्हांत दिलेल्या अभ्यासकाला प्रत्येक टक्क्याचा खुलासा करत बसावे लागते. साम्याचा दाखला म्हणजे प्रामाणिकपणाचा दाखला नव्हे, हे समित्यांनी एकदा ठरावात लिहून ठेवावे.

ग्रंथपाल_राजारामपुरी

जुना बुधवार यांच्या शेवटच्या मुद्द्याला पुष्टी देतो. साम्य-अहवालात टक्का वर छापलेला असतो आणि खाली कोणता मजकूर कोठून आला याची पाने असतात. समित्या वरचा टक्काच पाहतात. सलग चौदा शब्दांपर्यंतचे साम्य आणि योग्य श्रेय दिलेली अवतरणे नियमांतच वगळलेली आहेत, त्यामुळे अहवाल काढताना ती वगळण्याची सोय चालू केली होती की नाही, हे आधी विचारावे.

तासिकावाला

आणखी एक विचारायचे होते. परीक्षक आता निबंध चॅटजीपीटीत टाकून अहवाल काढून घेतात, असे ऐकतो. मग पातळ थर सर, तुमची शीर्षक झाकण्याची कसोटी चालेल का? यंत्र आकृतीचा क्रमांकही बरोबर लिहील.

पातळ_थर

रास्त शंका आहे, आणि कसोटी त्यापुढे दुबळी पडते हे उघड आहे. अप्रकाशित हस्तलिखित परीक्षकाकडे गोपनीय ठेव म्हणून आलेले असते. ते बाहेरच्या यंत्रणेत टाकणे हाच मुळात विश्वासभंग आहे, अहवाल चांगला उतरला की वाईट हा नंतरचा प्रश्न. यंत्राला लेखक मानता येत नाही, अशी भूमिका कोप आणि आयसीएमजेई या दोघांनीही २०२३ मध्ये घेतली, कारण त्याला जबाबदारी घेता येत नाही. परीक्षकालाही हेच लागू करावे. म्हणून सहीच्या सूचनेला माझा पाठिंबा आहे. सही करणारा माणूस निदान वाचून करतो.

विद्यानगरकर

चर्चेनंतर प्रस्तावात बदल करतो आहे. परीक्षकाचा अहवाल असेल तर तो जोडावा. नसेल तर संपादकाचे सहीचे पत्र चालेल, मात्र त्यात लेखात कोणत्या दुरुस्त्या करायला लावल्या हे नेमकेपणाने लिहिलेले असावे, आणि समासातले शेरे असलेली प्रत मिळाली तर तीच सर्वांत उत्तम. सहलेखकांची निवेदने घ्यावीत. साम्याचा टक्का ठरावात लिहूच नये. आणि ज्या निबंधाविषयी समितीला कळत नाही तो शेजारच्या महाविद्यालयातील त्या विषयाच्या शिक्षकाकडे वाचायला द्यावा. शहरात एवढी महाविद्यालये असताना हे अवघड नाही, केवळ आपण एकमेकांना विचारत नाही. अहवाल गोपनीय असतात अशी हरकत आमच्या एका सहकाऱ्यांनी घेतली आहे. समितीने ते बाहेर प्रसिद्ध करू नयेत, पाहून परत करावेत, हा मार्ग मला पुरेसा वाटतो. गुणांचा तक्ता बदलणे आपल्या हाती नाही, हे तासिकावाला यांचे दुखणे मात्र शिल्लक राहते.

मंगळवारपेठ

शेजारच्या महाविद्यालयात दिला की दुसऱ्या दिवशी लेखकाला फोन जातो. कोल्हापूर आहे हे.

जुना_बुधवार

जातो, हे खरे आहे. म्हणून वाचकाने मत लेखी द्यावे आणि खाली सही करावी. फोनवर काय बोलणे झाले याला मग फारसे महत्त्व राहत नाही.

जाता जाता, आमच्या पुढच्या अंकासाठी एका लेखाचे परीक्षण व्हायचे आहे. विषय अठराव्या शतकातील देवस्थान इनामांचा आहे, एकूण बावीस मोडी कागद आहेत आणि छायाचित्रे स्वच्छ आहेत. मोडी उत्तम वाचता येणारी आणि लेखकाशी नाते किंवा वाद नसणारी व्यक्ती हवी आहे. सांगली-साताऱ्याकडची असल्यास अधिक बरे. मुदत एक महिन्याची, मानधन नाही, अहवालावर नाव छापले जाईल. इच्छुकांनी व्यक्तिगत निरोप पाठवावा, आणि सोबत आपण पूर्वी वाचलेल्या एखाद्या कागदाचे लिप्यंतर जोडावे.